जळक्या रबराचा वास

इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये ज्यांनी एकदा तरी रेझिस्टर जाळलाय, त्यांना त्या वासाची ओळख करून द्यायला नको. वास आला की सगळ्यांच्या माना वर होतात, लॅब असिस्टंट काका लांबूनच ओरडतात, आणि आपण आधी सप्लाय बंद करतो. का जळलं, कुणामुळे जळलं, ते नंतर. सीआरओवर काही दिसायच्या आधी नाकाला कळतं.

पण समजा, तो वास फक्त तुम्हालाच आला. शेजारच्याला नाही, काकांना नाही, आणि टेबलावर काहीच जळत नाहीये. तर काय कराल? बहुतेक काहीच नाही. रात्रभर जागलोय, डोकं चालत नाहीये, असं म्हणून सोडून द्याल.

१९३७ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमध्ये असंच झालं. ३८ वर्षांचा एक माणूस फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्राबरोबर पियानो वाजवत होता. रचना त्याची स्वतःचीच होती, अकरा-बारा वर्षांपूर्वी लिहिलेली आणि अनेकदा वाजवलेली. मध्येच काही क्षण तो गेला. म्हणजे खुर्चीत होता, हात पियानोवर होते, पण काही सूर सुटले. मग गाडी पुन्हा रुळावर आली. श्रोत्यांपैकी थोड्यांनाच कळलं असेल. नंतर त्याने जवळच्यांना सांगितलं की त्या क्षणी त्याला रबर जळल्याचा वास आला होता. पाच महिन्यांनी तो गेला.

त्याचं नाव जॉर्ज गर्शविन. माझी शाळा कॉन्व्हेंटची. तिथे म्युझिक रूममध्ये एक जुना पियानो होता आणि म्युझिकच्या सिस्टर खूश असल्या की आम्हाला त्याची ऱ्हॅप्सडी इन ब्लू ऐकवायच्या. सुरुवातीला एक क्लॅरिनेट खालून वर अशी काही घसरत जाते की वर्गात सगळ्या हसायच्या. तेव्हा मला तो माणूस एवढाच माहीत होता. तो कसा गेला हे मी अगदी अलीकडे वाचलं, आणि वाचायचं कारण संगीत नव्हतं. ते कारण पुढे येईलच.

गर्शविनचा जन्म २६ सप्टेंबर १८९८ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. आईवडील रशियातून आलेले ज्यू. घरात संगीत वगैरे काही नाही. थोरला भाऊ आयरा पुस्तकात डोकं घालून बसणारा, आणि जॉर्ज रस्त्यावर चाकाचे बूट घालून फिरणारा. आपल्याकडे अशा मुलाला उनाड म्हणतात. १९१० साली आईने पियानो विकत घेतला तो आयरासाठी. पियानो जिन्यातून नेता येईना म्हणून दोर बांधून खिडकीतून आत घेतला. आणि तो जमिनीला टेकतो न टेकतो तोच जॉर्ज स्टूल ओढून बसला आणि एक चालू गाणं वाजवून मोकळा झाला. घरचे बघतच राहिले. एका मित्राकडे आपोआप वाजणारा पियानो होता, कागदाच्या भोकं पाडलेल्या गुंडाळीवर चालणारा. त्याच्या पट्ट्या कशा खाली जातात ते बघून हा पठ्ठ्या शिकला होता! (पंच्ड कार्डचा भाऊच म्हणा. आमच्या ब्रँचला अभिमान वाटायला हरकत नाही.) आयराची सुटका झाली. पुढे त्याने जॉर्जच्या बहुतेक गाण्यांचे शब्द लिहिले.

पंधराव्या वर्षी जॉर्जने शाळा सोडली आणि गाण्यांच्या एका प्रकाशकाकडे आठवड्याला १५ डॉलरवर नोकरी धरली. काम काय, तर एका खोलीत बसून दिवसभर नवी गाणी वाजवून गिऱ्हाईकांना ऐकवायची, म्हणजे छापील कागद खपतील. १९१९ मध्ये त्याने स्वानी हे गाणं बांधलं, अल जोल्सन या त्या काळच्या बड्या गायकाने ते उचललं, आणि २१ वर्षांचा जॉर्ज प्रसिद्ध झाला.

ऱ्हॅप्सडीची गोष्ट तर आपल्या हॉस्टेलमध्ये शोभेल अशी आहे. जानेवारी १९२४ मध्ये पेपरात बातमी आली की पॉल व्हाइटमन याच्या कार्यक्रमासाठी गर्शविन जॅझ शैलीतली मोठी रचना लिहितोय. बातमी आयराने वाचली. जॉर्ज तर ते विसरूनच गेला होता! हातात पाचेक आठवडे. बोस्टनला जाताना आगगाडीच्या चाकांच्या ठेक्यात त्याला रचनेचा सांगाडा सुचला. वाद्यवृंदासाठी मांडणी ग्रोफे नावाच्या दुसऱ्याच संगीतकाराने केली, कारण जॉर्जला वेळ नव्हता. क्लॅरिनेटची ती घसरगुंडी वादकाने तालमीत थट्टा म्हणून केली होती, ती जॉर्जला आवडली आणि कायम राहिली. १२ फेब्रुवारी १९२४ ला कार्यक्रम झाला तेव्हा पियानोचा काही भाग कागदावर उतरलाच नव्हता. तो त्याने तिथल्या तिथे वाजवला. सबमिशनच्या आदल्या रात्रीचं इतकं यशस्वी उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मग १९२५ मध्ये पियानोचा कॉन्चेर्टो, १९२८ मध्ये ॲन अमेरिकन इन पॅरिस (त्यासाठी त्याने पॅरिसहून टॅक्सीचे खरे हॉर्न विकत आणले होते), आणि १९३५ मध्ये पोर्गी अँड बेस हा ऑपेरा. दक्षिण कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीय वस्तीवरचा. तो लिहिण्यासाठी १९३४ च्या उन्हाळ्यात तो तिथल्या एका बेटावर जाऊन राहिला. न्यूयॉर्कमध्ये त्याचे १२४ प्रयोग झाले. ऑपेराच्या मानाने ते पुष्कळच, पण पैसे बुडाले.

यश मिळूनही शिकत राहण्याचं वेड त्याला होतं. १९३२ पासून तो शिलिंगर नावाच्या शिक्षकाकडे जायचा, जो आलेख आणि गणित वापरून संगीतरचना शिकवायचा. चित्रं काढायचा, टेनिस खेळायचा, आणि पार्टीत एकदा पियानोवर बसला की उठायचा नाही. स्वतःवर खूश असलेला माणूस. त्याचे मित्र यावरून त्याची चेष्टा करत आणि तो ती मनावर घेत नसे.

आता आजाराकडे येते. त्याला पोटाची जुनी तक्रार होती, वर्षानुवर्षांची. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं, म्हणून ती मनाची तक्रार ठरली. १९३४ च्या सुमारास तो न्यूयॉर्कच्या ग्रेगरी झिलबूर्ग या मनोविश्लेषकाकडे जाऊ लागला. त्या काळात श्रीमंत, कलावंत मंडळींमध्ये हे फॅशनेबल होतं. १९३५ मध्ये पेशंट आणि डॉक्टर दोघे मिळून मेक्सिकोची सहलही करून आले. आज असं कुणी केलं तर त्या डॉक्टरची चौकशी लागेल.

सांगायचा मुद्दा असा की १९३७ मध्ये जळक्या रबराचा वास आला तेव्हा गर्शविनच्या नावावर आधीच एक फाइल होती. मनाच्या दुखण्याची. पुढचं जे जे झालं, ते त्या फाइलमध्ये जाऊन पडलं.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये दोघे भाऊ सिनेमाची गाणी करायला हॉलिवूडला आले होते. बेव्हर्ली हिल्समध्ये घर, टेनिस कोर्ट, पोहण्याचा तलाव. फेब्रुवारीनंतर एप्रिलमध्ये न्हाव्याच्या खुर्चीत पुन्हा तसाच झटका आला. मग डोकेदुखी, भोवळ, सकाळी उठलं की वाईट. जूनमध्ये हातातून काटा-चमचा पडायला लागला, पेला सांडायला लागला. एकदा त्याने चालत्या गाडीतून आपल्याच ड्रायव्हरला बाहेर ढकलायचा प्रयत्न केला. का, ते त्यालाही सांगता येईना. एकदा चॉकलेटं कुस्करून अंगाला फासली. घरच्यांकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं. हॉलिवूडमध्ये मन रमत नाही. निर्माता त्रास देतो. पॉलेट गोडार्ड या नटीच्या प्रेमात पडलाय आणि ती हो म्हणत नाही. लक्ष वेधून घेतोय. चरित्रांमध्ये असंही लिहिलंय की जेवताना अन्न सांडलं म्हणून वहिनीने त्याला टेबलावरून उठायला सांगितलं होतं.

हे वाचताना वहिनीचा राग येतो. मलाही आला होता, दोन मिनिटं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. लॉस एंजेलिसमध्ये तो ज्यांच्याकडे गेला ते अर्न्स्ट झिमेल हेही मनोविश्लेषकच होते, आणि त्यांनीच शरीराची तपासणी करून घ्यायला सांगितलं. म्हणजे मनाच्या डॉक्टरला शंका आली होती. २३ जूनला गर्शविन सीडर्स ऑफ लेबनॉन हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं. उजेड सहन होत नव्हता, आणि उजव्या नाकपुडीला वास कमी येत होता. बाकी सगळं ठीक. पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढायची तपासणी सुचवली, ती दुखते म्हणून त्याने नाकारली. २६ जूनला घरी सोडलं. कागदावर निदान होतं: बहुधा हिस्टेरिया.

उजव्या नाकपुडीला वास नाही, आणि आधी नसलेला वास आलेला. आज मागे वळून बघताना दोन्ही एकाच ठिकाणाकडे बोट दाखवतात. कानाच्या वरच्या बाजूला, कवटीच्या आत मेंदूचा जो भाग आहे त्याला टेम्पोरल लोब म्हणतात. त्याच्या आतल्या टोकाशी वास ओळखण्याचं केंद्र आहे. तिथे काही वाढलं आणि तिथल्या पेशी एकदम स्पार्क होऊ लागल्या की नसलेला वास येतो, बहुधा घाण किंवा जळका, आणि माणूस काही सेकंद हरवतो. ही एक प्रकारची फिटच, फक्त हातपाय न झाडता येणारी. ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरने हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच लिहून ठेवलं होतं. त्याच लोबजवळ भावना आणि आठवणींचं काम चालतं, म्हणून स्वभाव बदलतो. शिवाय गाठ उजवीकडे होती. बोलण्याचं केंद्र बहुतेकांचं डावीकडे असतं. त्यामुळे गर्शविन नीट बोलत होता, गाणी बांधत होता, पियानोही वाजवत होता. इतका शाबूत माणूस बघून गाठ कुणाच्या डोक्यात येणार?

मग फोटो का नाही काढला? हा प्रश्न आपल्याला पडतो कारण आपल्याकडे मशीन आहे. १९३७ मध्ये एक्स-रे होता, पण एक्स-रेला कवटी दिसते, आतला मेंदू जवळजवळ नाही. मेंदू आणि गाठ, दोघांची घनता साधारण सारखीच. कॉन्ट्रास्टच नाही. यावर बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी या सर्जनने १९१८ मध्ये युक्ती काढली होती. कवटीला भोक पाडायचं, मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमधलं पाणी काढायचं, तिथे हवा भरायची, आणि मग एक्स-रे काढायचा. हवा काळी दिसते. पोकळी एका बाजूला ढकललेली दिसली की समजायचं, दुसऱ्या बाजूला काहीतरी वाढलंय. डोकं विलक्षण! पण पेशंटचे हाल, आणि जिवाला धोका. बहुधा हिस्टेरिया असलेल्या माणसाच्या कवटीला कोण भोक पाडणार? मेजरमेंटची किंमत इतकी मोठी होती की आधी जवळजवळ खात्री असल्याशिवाय मेजरमेंट करताच येत नव्हतं. इन्स्ट्रुमेंटेशनच्या पुस्तकात हे वाक्य नाहीये, पण असायला हवं असं मला वाटतं.

आमच्या ब्रँचचा माणूस मात्र जवळ पोचला होता. मेंदूच्या विजेचे तरंग माणसाच्या डोक्यावरून मोजता येतात हे जर्मनीच्या हान्स बर्गरने १९२९ मध्ये छापलं. १९३६ मध्ये, म्हणजे गर्शविनच्या आदल्याच वर्षी, लंडनमध्ये ग्रे वॉल्टरने दाखवलं की गाठीच्या आसपासचा मेंदू संथ तरंग सोडतो, आणि इलेक्ट्रोड सरकवत गेलं की जागा सापडते. तो काम करायचा मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये, आणि ते मनोरुग्णांचं हॉस्पिटल! पण ही युक्ती तेव्हा प्रयोगशाळेबाहेर फारशी आलेली नव्हती.

आता माझं कारण सांगते. आईची मोठी बहीण, माझी मावशी, आमच्याचकडे राहते. मी तीन वर्षांची असताना तिला स्किझोफ्रेनिया झाल्याचं निदान झालं. तिला आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी ते बरेचसे थांबले, पण गोळ्या कायमच्या. मी कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे माझं मराठी म्हणजे आनंदच होता. मावशीने मला दुपारी समोर बसवून वाचायला शिकवलं, बोट धरून, ओळीओळीने. तिच्यामुळेच मी हे लिहू शकतेय.

दोन वर्षांपूर्वी ती हळूहळू गप्प व्हायला लागली. आंघोळ टाळायची, वर्तमानपत्र उघडायचीच नाही, सकाळी डोकं धरून बसायची. आम्ही म्हणालो, आजार आहे तिचा. गोळ्यांनी सुस्ती येते. खरंच येते, म्हणूनच तर फसायला होतं. मग एका सुट्टीत मी घरी होते. गॅसवर दूध करपून काळं झालं होतं, सगळ्या घरात धूर, आणि मावशी शेजारच्या स्टुलावर शांत बसलेली. मी तिच्यावर ओरडले. घर जाळशील एक दिवस, असं काहीतरी बोलले. ती काहीच बोलली नाही. मग ते दूध परत करपलं. तिसऱ्यांदाही.

तिच्या सायकिॲट्रिस्टकडे नेहमीच्या तपासणीला गेलो तेव्हा आईने तक्रार म्हणून दुधाचं सांगितलं. डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. त्यांनी कॉफी पावडरची बरणी मागवली, मावशीला डोळे मिटायला सांगितले आणि बरणी तिच्या नाकाखाली धरली. एक नाकपुडी, मग दुसरी. मावशीला काहीच सांगता आलं नाही. तिला वास येत नव्हता. कधीपासून, तेही तिला माहीत नव्हतं, आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं. एमआरआयमध्ये कपाळामागे, अगदी नाकाच्या वरच्या बाजूला, गाठ दिसली. मेनिंजिओमा. मेंदूच्या आवरणातून उगवणारी, अगदी हळू वाढणारी, आणि सहसा कॅन्सर नसलेली गाठ. ती वासाच्या नसांवर बसते आणि वर कपाळामागच्या मेंदूला दाबते. तो भाग दाबला गेला की माणूस निरिच्छ होतो. आणि जुन्या स्किझोफ्रेनियात माणूस निरिच्छच होतो. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं.

त्या डॉक्टरांनी नंतर मला समजावून सांगितलं की मानसिक आजाराच्या प्रत्येक पेशंटच्या डोक्यात गाठ शोधत बसायचं नसतं, ती फार थोड्यांनाच असते. त्या बघतात तो बदल. जुन्या पेशंटच्या नेहमीच्या चित्रात जे बसत नाही ते. नवी डोकेदुखी, सकाळची उलटी, फिट, एका बाजूचा हात किंवा पाय मागे पडणं, नसलेला वास किंवा गेलेला वास, चालू असलेल्या गोळ्यांना मिळणारा प्रतिसाद अचानक बदलणं. पेशंट स्वतः हे सांगेलच असं नाही, म्हणून घरच्यांनी सांगायचं. आम्ही सांगितलं, पण तक्रार म्हणून.

तर वहिनीचा राग मला दोनच मिनिटं का आला, ते एवढ्यासाठी.

गर्शविनकडे परत येते. हॉस्पिटलमधून सुटल्यावर त्याला शांतता मिळावी म्हणून गीतकार मित्र इप हार्बर्गच्या घरी हलवलं, सोबत एक पुरुष नर्स. ९ जुलैला तो दिवसभर झोपून होता. झोप लागतेय हे चांगलंच, असंच कुणालाही वाटेल. संध्याकाळी पाचच्या सुमारास तो उठला आणि कोसळला. त्यानंतर तो शुद्धीवर आला नाही.

आता डॉक्टरांनी डोळ्यात पाहिलं तर डोळ्यामागच्या नसेचं टोक सुजलेलं. कवटी म्हणजे बंद डबा. त्यात मेंदू, रक्त आणि पाणी, तिघांची जागा ठरलेली. चौथं कुणी आत शिरलं की थोडा वेळ पाणी आणि रक्त सरकून जागा देतात, आणि एका मर्यादेनंतर दाब एकदम वर जातो. आलेख काढला तर आधी बराच वेळ सपाट आणि मग कड्यासारखा उभा. जूनमध्ये तो सपाट भागावर होता. (म्हणूनच असा दाब असताना पाठीतून पाणी काढणंही धोक्याचं असतं, मेंदू खाली सरकू शकतो. तेव्हा त्याने जूनमध्ये सुई नाकारली यात सगळंच चुकलं असं म्हणता येत नाही.)

मग मात्र सगळी अमेरिका धावली. निवृत्त झालेल्या हार्वी कुशिंग यांनी डँडीचं नाव सुचवलं. तोच, कवटीत हवा भरणारा. डँडी सुट्टीवर होता, मेरीलँडच्या गव्हर्नरबरोबर चेसापीक उपसागरात एका बोटीवर. व्हाइट हाउसला फोन गेले, सरकारी बोटी त्याला शोधायला सुटल्या, त्याला किनाऱ्यावर आणून विमानाने नेवार्कला पोचवलं. तिथून लॉस एंजेलिस म्हणजे सबंध देश ओलांडायचा. इतका वेळ नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन हॉवर्ड नॅफझिगर लेक टाहोला सुट्टीवर होते, ते विमानाने आले. डँडी विमानतळावरून फोनवर ऐकत राहिला. डँडीच्याच पद्धतीने हवा भरून फोटो काढला, आणि गाठ सापडली: उजवा टेम्पोरल लोब. रात्रभर ऑपरेशन चाललं. ११ जुलै १९३७ ला सकाळी १० वाजून ३५ मिनिटांनी जॉर्ज गर्शविन गेला.

गाठ ग्लिओब्लास्टोमा होती असं तेव्हा ठरलं, म्हणजे सगळ्यात दुष्ट जात. तसं असेल तर फेब्रुवारीत कळूनही फार फरक पडला नसता. काही डॉक्टरांनी मात्र अलीकडे जुने कागद वाचून म्हटलंय की ती कदाचित हळू वाढणारी गाठ होती, काढता येण्यासारखी. मग मनोविश्लेषणाच्या सोफ्यावर घालवलेल्या वर्षांतही ती आत असेल का? यावर एकमत नाही. मला दुसरी शक्यता जास्त छळते.

पुढे ते भोक पाडणं थांबलं ते एका इंजिनिअरमुळे. गॉडफ्री हाउन्सफील्ड, ईएमआय कंपनीतला. हो, तीच, गाण्यांच्या रेकॉर्डवाली. त्याने जुन्या लेथच्या पायावर सांगाडा उभा केला, पहिल्यांदा एक चित्र मिळवायला नऊ दिवस लागले. कल्पना सोपी: एकाच बाजूने फोटो काढला तर कॉन्ट्रास्ट मिळत नाही, मग डोक्याभोवती एकेक अंश फिरत १८० कोनांतून मोजा, प्रत्येक कोनात १६० वाचनं, म्हणजे २८,८०० आकडे. मग कॉम्प्युटरला समीकरणं सोडवू द्या. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला. एक बाई, कपाळामागे गाठ असल्याचा संशय. चित्रात गाठ दिसली. १९७९ मध्ये हाउन्सफील्डला नोबेल मिळालं, आणि तेही वैद्यकशास्त्राचं. आयरा तेव्हा जिवंत होता. तो १९८३ पर्यंत जगला. जॉर्जने शेवटी बांधलेल्या चालीला त्यानेच नंतर शब्द लिहिले.

मावशीचं ऑपरेशन झालं. वास परत आला नाही, नसा गेल्या होत्या. स्किझोफ्रेनियाही आहे तिथेच, गोळ्या चालूच आहेत. पण ती पेपर वाचते, आणि दूध आता आई बघते. हा लेख मॅगझिनला द्यायच्या आधी तिला विचारलं, तुझ्याबद्दल लिहिलं तर चालेल का. तिने आधी माझ्या अकरा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या आणि मग हो म्हणाली. तो कुठली धून वाजवताना चुकला ते ऐकव, म्हणाली. मी मोबाइलवर कॉन्चेर्टो लावला. दुसऱ्या भागात तिला झोप लागली. आधी मला वाटलं, गोळ्यांमुळे. मग मी तिला गदागदा हलवून उठवलं, आणि तिने डोळे उघडून मला चांगलंच झापलं.